एक सीट जास्त

होनग्याच्या अलीकडं, वीटभट्टीच्या मागं
पत्र्याचं लांब शेड.
फिलोमिना बाईंनी वही उघडली:
नंबर सतरा. मादी. वय सव्वा वर्ष.
आई धनगराच्या कळपातली, बापाची जागा कोरी.
घाटाखाली मेंढरं ट्रकात चढली
तेव्हा ही मोजणीत राहून गेली.
"दोन घरांतनं परत आलीय," त्या म्हणाल्या,
"लपवत नाही. टाचा धरते.
चावत नाही. धरते."

एकतीस वर्षं मी कंडक्टर.
परत येणाऱ्यांची मला सवय आहे.

जाळीपलीकडं एक कान उभा, एक पडलेला,
स्टँडवरच्या पाटीसारखा:
वरची ओळ एका लिपीत, खालची दुसऱ्या,
गाव तेच.

रंग घोंगडीचा, म्हणून नाव कंबळी.

"हे कशाला आणलासा?"
मालननं उंबऱ्यातनंच विचारलं.
मला उत्तर सुचेना.
मग तिनंच भाकरी कुस्करली, दूध घातलं,
आणि लांब जाऊन उभी राहिली.

"बस" म्हटलं, बसली नाही.
"ये" म्हटलं, आली नाही.
तिसऱ्या दिवशी दूध घालणारा सिद्राम
फाटकातनं सहज म्हणाला, "कुंदर."
खाली बसली! शेपटी मातीवर धपाधप.
एवढंच होतं तर.
आता मालन तिच्यावर कन्नडमध्ये ओरडते
आणि लाड मराठीत करते.
तिला दोन्ही कळतं. लाड जरा जास्त.

पण टाचा.
कोंबड्या, शाळेची पोरं, भिशीच्या बायका,
जो कोणी तिला सुटलेला वाटेल
त्याला मागनं वळसा घालून आत आणायचं.
तलाठ्याच्या सुनेच्या साडीचा काठ गेला.
"म्हणूनच परत देत असतील," मालन म्हणाली.
फोन मात्र तिनंही केला नाही.

मी ट्रंक उघडली.
खाकीच्या घडीखाली शिट्टी होती.
एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल.
ही भाषा नाक्याच्या दोन्हीकडं चालायची.
आठ दिवस नुसता वारा.
नवव्या दिवशी, कोंबडीमागं ताणलेली असताना,
एक शिट्टी,
आणि जागच्या जागी
पुढचा पाय उचललेला तसाच.

रात्री मी बाहेर टीव्हीपुढं,
मालन आत,
परशा उद्यमबागेत फाउंड्रीच्या पाळीला.
हिच्या फेऱ्या सुरू:
माझे पाय, मालनची कॉट, फाटक.
माझे पाय, कॉट, फाटक.
हिशेब जुळत नाही.
डेपोत पैसे भरताना दहा रुपये कमी पडले
की मी असाच चार वेळा खिसे चाचपायचो.
सकाळी साडेसहाला परशाची गाडी वाजते,
कॉलरला काळी वाळू,
ही पुन्हा एकदा सगळ्यांना हुंगते, तिघं,
आणि पोतं टाकावं तशी पडते.

काल भाताच्या कापल्या शेतात बसायला
मेंढरं निघाली होती आमच्याच रस्त्यानं.
आधी वास आला, मग घंटा.
कंबळी उठली.
फाटक उघडंच होतं.
मालन चौकटीला धरून उभी, म्हणाली,
"शिट्टी मारा की."
शिट्टी ओठात होती.
एक मारायची की दोन,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा सुचेना.

धुळीत गेली. दिसेना.
घंटा पुढं सरकत गेल्या,
मालन आत जाऊन उगाच भांडी लावायला लागली.

मग धुळीतनं आली ती एकटी नव्हती.
पुढं एक कोकरू, लंगडत, ओरडत,
मागं ही, डावीउजवीकडं,
सरळ आमच्या अंगणात, तुळशीपाशी.
आणि बसली.
जणू ही एक सीट मोजायची राहिली होती.

मागनं धनगर पोरगा धावत आला, हसत,
कोकरू खांद्यावर टाकलं,
तिच्या पडक्या कानाकडं बराच वेळ बघितलं
आणि विचारलं, "यारदु नायी?"

मालन ओट्यावरनं,
हातात ओलं पातेलं,
माझ्या आधी म्हणाली,
"नम्मदु."