डाव्या मोज्याचं प्रकरण

स्किप्टनमध्ये, आमच्या गल्लीत,
दर मंगळवारी दोरीवरचा एक मोजा जातो.
एकच. तोही नेमका डावा.
(डावा कशावरून? हेस्टरला विचारा.
ती पावणेदहा वर्षांची आहे, आणि डिटेक्टिव्ह आहे.)

मी तिचा मदतनीस. पगार दोन बिस्किटं,
पैकी एक ओलं.
ती चित्रं काढते, मी रंगवतो.
तिला हात काढता येत नाहीत,
म्हणून वहीतल्या सगळ्या संशयितांचे हात खिशात.
पोस्टमन क्लफ, खाटीक ब्रेथवेटबाई,
पाद्रीबुवांची मेंढीसुद्धा.
त्यामुळे सगळेच चोर वाटतात.

पान सातवर पावलांचे ठसे.
चिखल खरा आहे, वास घेऊन बघा.
पान अकरावर पाऊस पडला, चक्क वहीवरच,
आणि पोस्टमनच्या मिशा ओघळून
ब्रेथवेटबाईंना लागल्या.
तपासाला नवं वळण!

मी गपगुमान रंगवत बसतो.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात,
माझ्या तर भर दुपारी पडतं.
कारण पलंगाखाली, बुटांच्या खोक्यात,
माझं कासव थंडीभर झोपलंय.
चार पाय, एक डोकं.
पाच मोजे झाले.
शेपटी राहिलीय.

आज सहज पान तीन उघडलं.
कोपऱ्यात हेस्टरनं तेच खोकं काढलंय,
झाकणाबाहेर मोज्याची टाच.

"तुला माहीत होतं?"
"पहिल्याच मंगळवारी."
"मग पकडलं का नाहीस?"
तिनं पेन्सिलीला टोक केलं.
"वही चाळीस पानांची आहे.
आणि शेपटी उघडीच आहे ना अजून?"