त्रेचाळीस इंच

पहिली केबल बसलीच नाही.
इम्तियाज तांबोळी म्हणाला, वहिनी, टॅबचं तोंड तरी बघून यायचं,
हे चपटं, ते लंबगोल.
काचेवर चार वायरी मांडल्या त्यानं,
कासार बांगड्या मांडतो तशा.
साडेसातशे रुपये.
नाही चालली तर परत आणा, पण पाकीट फाडू नका.
न फाडता कळणार कसं,
हे मला मायणी रोडला लागल्यावर सुचलं.

टीव्ही आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा.
तिथं मागच्या दिवाळीची धूळ, एक हरवलेली टिकली,
आणि बोटांनीच चाचपून शोधायची खाच.
तेजल टॉर्च धरून उभी:
आई, उलटं धरलंयस.
उलटंच धरलं होतं.
नो सिग्नल.
निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं
पाण्यात पडलेल्या पानासारखी इकडून तिकडे.
सोर्स. एचडीएमआय एक. नो सिग्नल.
एचडीएमआय दोन,
आणि टॅबमधलं सगळं एकदम भिंतीवर आलं,
तेजलची गणितं, गॅसची पावती,
वरच्या कोपऱ्यात बॅटरी, अकरा टक्के.

चार्जिंगला लाव की, तेजल म्हणाली.
कुठं लावू?
याला तोंड एकच.
एकतर जेवेल, नाहीतर बोलेल.

मामंजींनी खुर्ची पुढं ओढली.
एकतीस वर्षं विट्यात यंत्रमागावर,
कान तिथंच ठेवून आलेत.
आवाज टॅबमधूनच येत होता, डब्यात कोंडल्यासारखा,
टीव्हीतून का नाही म्हणून तेजल बटणं दाबत राहिली.
राहू दे गं, म्हटलं,
ज्यांना दाखवायचंय त्यांना आवाज लागत नाही.

यांनी पाठवलेला व्हिडिओ. इरोडचं गलाईचं दुकान.
नवी भट्टी, नवा काटा, भिंतीला नवा रंग.
मोबाईल उभा धरून काढलेला, म्हणून दोन्हीकडं काळ्या पट्ट्या
आणि मधोमध हे,
किलकिल्या दारातून दिसावेत तसे, हसत,
हा काटा बघ, ही मूस बघ.
वीसेक वेळा पाहिला असेल मी.
पाटीएवढ्या टॅबवर
भट्टीमागं जे पोतं वाटायचं
ते पोतं नव्हतं.

गुंडाळलेलं अंथरूण होतं.
वर सोलापुरी चादर, निळी,
मीच घडी घालून पिशवीत भरलेली.
उशी. उशीजवळ दाढीचा ब्रश.
खिळ्याला टॉवेल.
आणि उशापासून हातभर अंतरावर
तेजाबाचा कॅन.

खोली घेतलीय म्हणाले होते. दोन वर्षं झाली.
भाडंसुद्धा सांगितलं होतं, पंचेचाळीसशे.
महाग आहे, मी म्हणाले होते.

चार टक्के.
बंद करावं म्हणून मी उठले
तर मामंजींनी हात वर केला.
स्वतः उठले, टीव्हीपाशी गेले,
काचेवर, बरोबर त्या चादरीवर, अंगठा आणि बोट ठेवलं,
ठाणातलं कापड तपासायचे तसं चोळलं,
आणि बहिरी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाले,
विरलीय.
अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल.
तेजल माझ्याकडं बघायला लागली.
मग पडदा काळा झाला, मग निळा,
मग ती पांढरी अक्षरं पुन्हा फिरायला लागली.

केबल काढली. चार्जर लावला.
टॅब मुकाट्यानं जेवायला लागला.

रात्री साडेदहाला यांचा फोन.
जेवलात? जेवलो.
तिकडं गरम आहे का? आहे थोडं.
टीव्हीवर लागला का व्हिडिओ?
लागला.
कसा दिसला?
मोठा दिसला, म्हटलं.
बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
भाऊ काय म्हणाले?
एक चादर पाठवायची म्हणतायत, जाड.
हं, म्हणाले.
खोलीवर पोचलात का?
हा काय, आत्ताच आलो,
आणि पाठीमागं शटर ओढल्याचा आवाज आला,
आतल्या बाजूनं.