पारा

धकाते बाईंच्या हातून थर्मामीटर निसटला
आणि आठवी ‘ब’ अख्खी बाकांखाली.
चकाकते मणी फरशीच्या भेगांतून पळत सुटले,
निमजेचा पोट्टा पुठ्ठ्यावर गोळा करू लागला.
“हात नका लावू बे, विष आहे ते!”
बाई पहिल्यांदाच ‘बे’ म्हणाल्या.

मी जागची हलले नाही.
पारा माझ्या ओळखीचा.
इतवारीच्या सराफ्यात दुकानं उघडायच्या आधी
माय नाली खरडते, पायऱ्या झाडते,
ती माती घमेल्यात घोळते, घोळते,
मग पारा टाकून तळव्यानं मळते,
पोळ्यांची कणीक मळावी तशी.
पारा सोन्याला हुडकतो, धरून ठेवतो.
स्टोव्हवर वाटी तापते, आणि तळाशी उरतं
ज्वारीच्या कणीएवढं काहीतरी पिवळं.

“पारा कुठी गेला वं?” लहानपणी विचारलं होतं.
“उडून गेला,” माय म्हणाली,
चिमणीबद्दल सांगावं तसं.

फळ्यावर मिश्रण होतं, संयुग होतं,
आणि खाली, दोन रेघा मारून:
द्रव्य नष्ट होत नाही, रूप बदलते.
ते मी दोनदा उतरवून घेतलं.

आमची खोली एक, खिडकी एक,
तीही कूलरनं बुजवलेली.
मायच्या हातात हल्ली कप थरथरतो,
चहा बशीत सांडतो,
ती मे महिन्याला शिव्या घालते.

त्या रात्री स्टोव्ह उचलून मी अंगणात ठेवला.
“काय करून राहिली वं?”
“काही नाही. विज्ञानाचा गृहपाठ.”