आठ, ळ, दहा

मंगळवारी साडेपाचला मुंगूस यायचं.
मोज्याचं केलेलं, एक डोळा शर्टाच्या बटणाचा,
नाव इक्कू.
टोपलीतून एकेक आकडा काढायचं
आणि आठाशी थबकायचं.
आठ... आठ... दहा!
परात्यांच्या ओसरीत आम्ही अठरा पोरं
घसा फोडून ओरडायचो: नऊ, बे, नऊ!
त्याला कधीच ऐकू गेलं नाही.

गुरुवारी तोळाबाईंचं दुकान.
ती तागडीत अक्षरं जोखायची.
पावशेर क, वर एक काना फुकट,
अनुस्वार तर सांभारासारखा,
मागितला की टाकायची.
कोपऱ्यात एक ळ पडून असायचा, धूळ खात.
"ह्यानं शब्दच सुरू होत नाही," ती म्हणायची,
"कोण घेईल?"

मधल्या बुधवारी खतांबितांचं काही लागायचं.
बुधवार म्हणजे रेल्वेचे रूळ.
अलीकडे आम्ही, गोळीबार चौक, मागांची खटखट.
पलीकडे धरमपेठ,
जिथं बाबा लुगड्यांचं गाठोडं घेऊन जायचे
आणि दिवेलागणीला परतायचे,
गाठोडं कधी हलकं, कधी तेवढंच.

मे महिन्यातला गुरुवार.
पराते काकूंनी कूलरात बादली ओतली,
वाळ्याचा वास सुटला,
आणि तागडीच्या मागून
मुंगूस वर आलं.

कोणी ओरडलं नाही.
प्रमिला झाडे एवढंच म्हणाली,
"अवो, हा तं मंगळवारचा होय."
तोळाबाईंनाही तसंच वाटलं असावं:
"मंगळवारचा ना रे तू? आज इकडं कसा?"
"माझा एक आकडा हरवला."
"कोणता?"
"ठाऊक असता तर हरवला असता का?"

बाई बराच वेळ त्याच्या बटणाकडे पाहत राहिली.
मग कोपऱ्यातला ळ उचलला,
पदरानं पुसला,
न जोखता टोपलीत टाकला.
"ने हा. पैसे नको."
आणि मुंगसानं गुरुवारी, परक्या दुकानात,
पहिल्यांदा न थबकता मोजलं:
सात, आठ, ळ, दहा.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत
कंचे, पायऱ्या, लपाछपीचं राज्य,
सगळं असंच मोजलं गेलं.
शाळा उघडल्यावर धनराज निखारेनं
मास्तरांपुढं खडखडीत म्हटलं
"ळ आठे बहात्तर"
आणि छडी खाल्ली. उत्तर बरोबर होतं.

दिवाळीआधी बाबा मला पुलापलीकडे घेऊन गेले.
तिसऱ्या की चौथ्या घरी, फाटकाशी,
चष्मा लावलेल्या एक बाई
हिरव्या लुगड्याचे काठ उलटून पाहत होत्या.
"वीस कमी करा की."
आवाज ऐकला अन् माझे पायच थिजले.
तोळाबाई.
कुंकू लहान, तागडी नाही, हाताला कणीक.

मी विचारलंच:
मुंगूस मंगळवारातून गुरुवारात आलं कसं?
त्या हसल्या. "अगं, खोली एकच आमची.
मधे निळा पडदा.
तो त्या दिवशी धुवायला टाकला होता."
एवढं बोलून
वीस रुपये त्यांनी कमी करून घेतलेच.

परतताना पुलावर थांबलो.
खालून मालगाडी चालली होती, संपेचना.
बाबांनी अंगठा जिभेला लावून
दहा-दहाच्या नोटा मोजल्या,
ओठातल्या ओठात:
सहा, सात, आठ, ळ, दहा.
खिशात घातल्या, वरून हात दाबला.

बाबा परात्यांच्या ओसरीत कधी बसले नव्हते.
भिंतीपलीकडे त्यांचा माग चालायचा.
तरी गुरुवारी, साडेपाचला,
खटखट अर्धा तास बंद पडायची.
मला वाटायचं,
धागा तुटला असेल.