अपवादाचा रकाना

रात्री साडेअकराला बडोदं अर्ध्यावर येतं.
माझ्या मोबाईलवर एक पट्टी सरकते,
शंभरावरून चाळिसावर,
आणि रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत
दिवे डोळे बारीक करतात,
सुईत दोरा ओवायचा असल्यासारखे.
कुणाच्या लक्षात येत नाही.
येऊ नये, असंच बैठकीत ठरलं होतं.

पिवळे गेले. जशुभाईंनी शिडीच्या गाडीवरून
एकेक उतरवला. प्रत्येकाच्या पोटात
मूठभर किडे, वाळून कुरकुरीत.
‘बेन, आनुं शुं करवानुं?’ त्यांनी वरूनच विचारलं.
भंगाराच्या यादीत
किड्यांचा रकाना नव्हता.

विश्वामित्रीच्या पुलावर आम्ही दिव्यांना झापडं लावली,
टांग्याच्या घोड्याला लावतात तशी.
उजेड रस्त्यावर पडावा, नदीत नको.
खाली मगर असते, तिला अंधार लागतो,
असं मी फाईलवर लिहिलं तेव्हा
साहेब म्हणाले, मगरीचा अर्ज आलाय का?
आला नव्हता.
तरी सही झाली.

वृंदा निंबाळकरांचा मात्र आला होता.
सयाजी इस्पितळात नर्स, रात्रपाळी.
‘दांडिया बाजारातून आमच्या बोळात वळताना
तुमची बचत माझ्या पाठीमागून चालत येते.’
एवढंच वाक्य.
खाली संपूर्ण पत्ता, पिनकोडसकट.

म्हणून तर सेन्सर आले.
पाऊल पडलं की खांब जागा होतो,
पुढचा वाट बघतो, मागचा मिटतो,
वृंदाताई आपल्यापुरता उजेड
घरापर्यंत चालवत नेतात.
कुत्र्यांनाही मिळतो तो, स्कूटरला मिळतो,
वाऱ्यावर उडालेल्या प्लास्टिकच्या पिशवीला तर
पुऱ्या सात खांबांचा मान मिळालेला
मी पाहिलाय.

पहाटे चार. लक्स मीटर घेऊन खंडेराव मार्केटपाशी.
खांब एकशे सतरा.
खाली गोणपाटावर मंजुळाबेन, झेंडूचे दोन ढीग,
सुई, आणि पाण्यात भिजवलेला दोरा.
मीटर पंधरा दाखवतो,
आणि बघता बघता सहा.
दिवा पेंगला.
त्या मान वर न करता डावा हात उचलतात,
हवेत हलवतात,
समोरच्या फुटपाथवर कुणी ओळखीचं दिसावं तसा.
दिवा दचकतो. पंधरा.
परत सुई.

मी मोजलं. तेवीस फुलं, मग हात.
तेवीस फुलं, मग हात.

‘किती दिवस चाललंय हे?’
‘दिवाळीपासून.’
‘तक्रार नाही केली?’
‘कशाला? हात केला की ऐकतो ना.’

सेन्सर वाईट नाही. कंपनीच्या कागदावर लिहिलंय,
माणूस दिसतो, वाहन दिसतं, जनावर दिसतं.
बोटं दिसत नाहीत.
एका जागी बसून जे काम करतं
ते त्याच्या हिशेबी रिकामा रस्ता.
नकाशावर माझ्याही हिशेबी
तिथे फक्त एक हिरवा ठिपका होता,
व्यवस्थित चालणारा.

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला.
खांब एकशे सतरा, मंद करू नये.
वार्षिक बचतीतून वजा: पंच्याऐंशी युनिट.
कारण:
झेंडू, असं लिहिलं. खोडलं.
सुरक्षितता, लिहिलं. तेही खोडलं, खोटं वाटलं.
मग ‘बसलेलं माणूस’ एवढंच ठेवलं
आणि पेन हरवण्याआधी सही केली.

आठ दिवसांनी परत गेले. दिवा ठाम पंधरावर,
पापणीही न हलवता.
मंजुळाबेन ओवताहेत, एकवीस, बावीस, तेवीस,
आणि डावा हात
आपसूक वर.

रस्त्यापलीकडून दूधवाल्याने
त्यांना उलटा हात केला,
वर घंटी वाजवली.
त्या सुईवरून मान काढून
बघतच राहिल्या,
हा कोण म्हणून.