पाय फुटणं

तुर्कू. नोव्हेंबर. साडेतीनलाच खिडकीत अंधार.
बशीच्या तळाशी पेशींचा अखंड थर,
पिपेटच्या टोकानं मी त्यातून सरळ रेघ ओढते.
जखम म्हणतो आम्ही हिला. रक्त नाही, खपली नाही.
कॅमेरा दर दहा मिनिटांनी एक चित्र घेत राहतो
आणि मी शेवटच्या बसनं घरी जाते.

सकाळी सगळी रात्र पळवून बघते.
काठावरची एक जण पुढे पातळ पदर पसरते,
चाचपते, चिकटते,
मग मागचं अंग ओढून घेते,
ओल्या लोकरी मोज्यातून टाच सुटावी तशी.
शाळेत अमीबाचे छद्मपाद काढले होते,
वाटलं होतं, परीक्षेपुरतेच असतात.

हेरिंग साफ करताना ऑक्टोबरात बोट कापलं,
आठवड्यात भरून आलं.
तिथंही अशाच चालल्या असणार, दोन्ही काठांकडून,
समोरचीचा स्पर्श झाला की थांबणाऱ्या.
शहाण्या.

ताउनोच्या न थांबणाऱ्या आहेत.
माझा भाऊ. जहाजांच्या कारखान्यात चाळीस वर्षं वेल्डिंग,
सांधा सुटू द्यायचा नाही, एवढंच शिकलेला.
सौनाच्या खालच्या बाकावर
(वरचा आता झेपत नाही)
त्यानं विचारलं,
"गाठ मूत्रपिंडात होती. काढली. मग खुब्यात कोण आलं?"
तीच.
"चालत?"
काही वाट चालत, काही रक्तातून वाहत.
"मला जिना चढवत नाही, आणि हिला पाय फुटलेत," म्हणाला,
आणि तापल्या दगडांवर पाणी ओतलं.

मी सांगितलं नाही,
की आधी ती शेजारणीचा हात सोडते,
मग स्वतःचं केंद्रक चेपून लांबट करते
आणि दाराखालून चिठ्ठी सरकावी तशी शिरेत शिरते.
बहुतेक जणी वाटेतच मरतात, हे सांगितलं.
एखादीच हाडात बस्तान बसवते.
"एखादी," तो म्हणाला.
वाफेत तोंड दिसत नव्हतं.

काल सहाव्या बशीत नवं औषध घातलं.
आज पाहिलं: रेघ तशीच, उघडी.
काठावर पदर पसरलेले, पाऊल मात्र नाही.
ओर्वोक्कीनं पलीकडून ओरडून विचारलं, भरली का?
नाही! मी इतक्या आनंदानं म्हणाले
की माझी मीच दचकले.

अंगठा फिरवला बोटावरच्या वणावर.
हे औषध ऑक्टोबरात पोटात असतं, तर?

वहीत तारीख घातली, बशी सहा, चोवीस तास,
आणि पुढे लिहिलं:
पुन्हा करून बघणे.