कापा की रसाळ

नऊ वर्षं आमच्यात जे काही बोलणं झालं
ते म्हापशाच्या कोर्टात, वकिलांच्या तोंडून,
एक-चौदाच्या उताऱ्यावरून
आणि दीड मीटर गडग्यावरून.

मे महिन्यातल्या त्या सकाळी
गुणवंत तोच गडगा ओलांडून आला,
कडेवर फणस, मूल घेतात तसा,
माझ्या गाडीचं मागचं दार आपणच उघडलं
आणि त्याला सीटवर बसवलं.
मी बॅगेची चेन लावत राहिले.
"नवें झाड," तो म्हणाला. "पयलोच."
एवढंच. चिकाचे हात लुंगीला पुसत गेला.

थिवी स्टेशनाबाहेर, पत्र्याच्या कुंपणाशी,
जिथं दुपारून सावली येईल असं वाटलं,
तिथं गाडी लावली. काचा घट्ट.
कुलूप दोनदा तपासलं.
आगगाडीनं शिटी दिली तेव्हा
माझ्या डोक्यात फक्त पाण्याची बाटली होती.

पनवेलला मुलीकडे दोन दिवसांसाठी गेले, सहा राहिले.
नातवाला दात येत होते.
फणस आठवला पाचव्या रात्री,
खिचडीला फोडणी देताना,
हिंगाची डबी उघडल्यावर.
मुलगी म्हणाली, आई, काय जळतंय?

सातव्या दिवशी दार उघडलं
तर वास बाहेर आला नाही.
तो आतच बसून होता, घरमालकासारखा,
म्हणाला, या.

फणस होता तिथंच होता,
फक्त खचला होता,
काटे आत ओढलेले,
आणि सीटच्या शिवणीतून, पट्ट्याच्या खाचेतून
पिवळं काहीतरी मॅटवर उतरून सुकलं होतं.
त्यात आठळ्या वर आलेल्या,
ओहोटीला खडपं दिसतात तशा.
नादोड्यापर्यंत मी डोकं खिडकीबाहेर काढून आले.

करासवाड्याच्या वॉशिंगवाल्या इनासनं
पाइप धरला, नाक धरलं नाही.
तीनदा शांपू, एकदा माडाचा व्हिनेगर.
"बाय, रसाळ आसलो हो," तो म्हणाला.
"कापो इतलो व्हांवना."
मी पैसे मोजले. ते ज्ञान
मला त्या वेळी नको होतं.

संध्याकाळी गडग्यापलीकडून:
"बाय, कापो काय रसाळ?"

मला वाटलं, विचारायचं म्हणून विचारतोय.
मग त्याचा चेहरा पाहिला.
कोर्टात निकालाच्या तारखेला असायचा तसा.
चार वर्षांपूर्वीचं कलम,
काप्याचं म्हणून नर्सरीत जादा पैसे दिलेलं,
त्याला यंदा एकच फळ धरलं.
झाड कुठल्या जातीचं
हे जगात फक्त त्या फळाला ठाऊक होतं,
आणि ते न फोडता
त्यानं माझ्या सीटवर बसवलं होतं.

"रसाळ," मी म्हटलं.
साक्षीच्या पिंजऱ्यात मी बरंच काही बोलले आहे
न अडखळता.
हे तर खरं होतं, आणि जीभ टाळूला चिकटली.

तो गप्प. मग म्हणाला,
"फटयलें मरे म्हाका," आणि हसला,
नर्सरीवाल्याला, की झाडाला, की चार वर्षांच्या पाण्याला.
"बरें. सांदणां जातलीं."
सांदणं त्याच्या आईची चांगली होत.
हे आम्ही दोघांनीही म्हटलं नाही.

गडग्यावर कोपर टेकून उभा राहिला,
ज्या दगडावर सर्वेअरनं लाल खूण केली होती
बरोबर त्याच्यावर.
"गोड आसलो?"

इथं मदतीला इनास नव्हता.
माझ्यामागं अंगणात गाडी वाळत होती,
चारी दारं उघडी.
इतका वेळ वारा नदीकडून होता.
तो फिरला.

गुणवंतचं नाक किंचित वर झालं.